विकासला माफ करण्याची पूर्वतयारी

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. जग १ जानेवारीला संकल्प करतं. आपलं चर्चचं वर्ष नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळापासून सुरू होतं, म्हणजे मी जगाच्या महिनाभर पुढे आहे. डायरी रंगाच्या दुकानातून भेट मिळालेली, २०२३ची. कोरी आहे, पण वार जुळत नाहीत. रोजचा वार खोडून नीट लिहिणार. चुकीचं लिहिलेलं मला बघवत नाही.

सकाळी चर्चमध्ये पहिली मेणबत्ती लागली. आशेची. पाळकसाहेबांचा संदेश: येणाऱ्यासाठी वाट तयार करा, खाचखळगे बुजवा. ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे असा एखादा माणूस असतोच, नाताळाआधी त्याच्या दारात जा. हे म्हणताना ते थेट माझ्याकडे बघत होते. माझ्या मागच्या बाकावर शिरसाट बसतो. त्याचं आमच्या निम्म्या दहिवली गावाशी बोलणं बंद आहे. त्यालाच असणार.

तरी संकल्प केले. एक, पहाटे पाचला उठून प्रार्थना. दोन, राग नाही. तीन, विकासला क्षमा करणे. नाताळापूर्वी.

विकास माझा धाकटा भाऊ. लोधिवलीला राहतो, पाण्याचे पंप दुरुस्त करतो. सहा वर्षं सात महिने आमचं बोलणं नाही. कारण इथे लिहून ठेवतो, म्हणजे क्षमा किती मोठी होती ते पुढे ध्यानात राहील.

मी पेंटर. कर्जतपासून खोपोलीपर्यंत पाट्या रंगवल्या. कुंभिवलीच्या हायवेवर ढाबे, गॅरेजं, टेंपोच्या पाठी, सगळं माझ्या हातचं. आता फ्लेक्स आले, ती गोष्ट वेगळी. २०१९च्या मार्चमध्ये आई गेली. कबरीवरच्या दगडासाठी मजकूर अर्थातच मी केला. चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘सगुणाबाई. प्रभूच्या कुशीत विसावली.’ विकासकडे काम एवढंच, की चिठ्ठी खोपोलीच्या पाथरवटाला नेऊन द्यायची. दगड आला. त्यावर ‘प्रभूच्या कुशीत विसरली.’

विसरली! ग्रॅनाइटवर!

ईस्टरच्या पहाटे चर्चची सगळी मंडळी कबरस्तानात जमली होती. तिथेच मी विकासला जे बोलायचं ते बोललो. अकरा मिनिटं. तो एक अक्षर बोलला नाही. अपराधी माणूस कुठून बोलणार?

१ डिसेंबर, सोमवार

पाचचा गजर झाला. बंद केला, कारण नंदाची झोपमोड व्हायला नको. बायकोचा विचार ही पण प्रार्थनाच. सव्वासातला उठलो. नंदा पाचपासून उठलेली होती.

२ डिसेंबर, मंगळवार

विकासला फोन लावला. एक रिंग दिली. उचलला नाही. ठेवला.

नंदा म्हणाली, एकाच रिंगमध्ये कोण उचलतं? मी म्हटलं, ज्याला उचलायचा असतो तो उचलतो. ती म्हणाली, देवानेसुद्धा लहानग्या शमुवेलला पुन्हा पुन्हा हाक मारली होती. मी म्हटलं, देवाला भरपूर वेळ असतो.

माझ्या बाजूने प्रयत्न झाला, याची इथे नोंद.

४ डिसेंबर, गुरुवार

पाळकसाहेब घरी आले. मेणबत्त्यांच्या वर लावायला चार फलक हवेत: आशा, शांती, आनंद, प्रीती. फ्लेक्स करून आणतो म्हणत होते. मी म्हटलं, साहेब, प्रीती फ्लेक्सवर छापायची गोष्ट नाही. हाताने करतो. ते गहिवरले असावेत. काही न बोलता चहा संपवला.

म्हणजे आता क्षमेचं काम थोडं पुढे जाणार. फलक आधी. मंडळीचं काम ते पहिलं.

७ डिसेंबर, दुसरा रविवार

शांतीची मेणबत्ती. माझा ‘शांती’ फलक सगळ्यांनी बघितला. संडे स्कूलच्या ऋजुताताई म्हणाल्या, सुंदर अक्षर आहे, काका. मी नम्रपणे म्हटलं, अख्ख्या रायगडात असं दुसरं नाही.

घरी आल्यावर शांती थोडी ढळली. नंदाने माझे ब्रश धुवायच्या बादलीत घातले होते. मी आवाज चढवला नाही, फक्त स्पष्ट बोललो. शेजारून काय झालं म्हणून विचारायला आले, ती त्यांची सवय आहे.

महिला मंडळाची मीटिंग म्हणून नंदा दुपारी गेली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. काय एवढं बोलतात कोण जाणे. संध्याकाळी आली तेव्हा पिशवीत शेवग्याच्या शेंगा. महिला मंडळाने वाटल्या म्हणाली. मंडळ चांगलं काम करतं.

८ डिसेंबर, सोमवार

ठरवलं. समोरासमोर जाण्याआधी लेखी क्षमा द्यावी. व्हॉट्सॲपवर. म्हणजे त्याला धक्का बसणार नाही.

दुपारभर मजकूर केला. चौदा ओळी. ‘तुझ्याकडून जी चूक झाली ती अक्षम्य होती, तरीही मी तुला माफ करत आहे. मनात काही ठेवू नकोस. मी ठेवलेलं नाही. तू जे केलंस ते मला माहीत आहे, आणि त्यालाही माहीत आहे.’ त्यालाही म्हणजे देवाला. विकासचंही नाव घालायची गरज नव्हती. सहा वाजता पाठवला. मन हलकं झालं.

९ डिसेंबर, मंगळवार

मजकूर विकासला गेला नाही. ‘दहिवली मंडळी’ या ग्रुपवर गेला. मला सोडून त्रेसष्ट माणसं.

एकोणतीस जणांनी ‘आमेन’ लिहिलंय. पाळकसाहेबांनी हात जोडलेत. नंदाने मोबाइल बघितला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ खोकत होती.

डिलीट करणार होतो. पण आमेन आलेलं डिलीट करणं बरं दिसत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

अद्भुत दिवस! सकाळी शिरसाट आला. डोळे खाली. म्हणाला, पेंटर, तुला कळलं हे मला वाटलंच होतं. मला काहीच कळलेलं नव्हतं, पण मी मान हलवली. तीन वर्षांपूर्वी हरवलेली माझी अॅल्युमिनियमची शिडी त्याच्याकडे आहे. बाहेर रिक्षात घालून घेऊन आला होता.

दुपारी माजी खजिनदार आले. चर्चच्या वडीलपदाच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध मत दिलं म्हणून हात धरून क्षमा मागितली. संध्याकाळी अजून दोघे. त्यांनीही विरुद्धच दिलं होतं. मला तेव्हा किती मतं पडली याचा हिशेब आज लागला.

माझ्या हातून मंडळीत जागृती होते आहे. विकासच्या बायकोने, प्रणिताने, ग्रुपवर नुसतं एक फूल टाकलंय. म्हणजे मजकूर त्या घरात पोचला. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या क्षमा पोचली. आता पुढची पायरी त्याने चढायची.

१३ डिसेंबर, शनिवार

तो चढला नाही.

१४ डिसेंबर, तिसरा रविवार

आनंदाचा रविवार. फलकाबद्दल एक किरकोळ बाब. मी अनुस्वार नेहमी शेवटी देतो, पदार्थावर कोथिंबीर टाकावी तसा. काल लाइट गेले, त्यात राहिलं. सकाळी भिंतीवर ‘आनद’.

मुलं हसायला लागली. ऋजुताताईंनी पटकन संडे स्कूलच्या वहीतलं लाल गोल स्टिकर काढून ‘न’च्या वर चिकटवलं. आनंद पूर्ण झाला. नंतर कोणीतरी विचारलं, तेव्हा मी म्हटलं की तो डिझाइनचा भाग आहे. लाल रंग डोळ्यांत भरतो.

माझ्याकडून लिहिताना चूक होत नाही. हे लाइटचं होतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

श्रीपतला सांगून ठेवलं. श्रीपत आमच्या गल्लीतला, त्याची सहा सीटर रिक्षा आहे. बुद्धविहारात पण त्याचाच गळा आणि आमच्या दारोदारच्या नाताळगाण्यांना, कॅरलला, पण ढोलकी त्याचीच. त्याला म्हटलं, उद्या सकाळी लोधिवलीला जायचं.

१७ डिसेंबर, बुधवार

श्रीपत आठला आला. मी तयार होतो, पण शर्टाला इस्त्री नव्हती. क्षमा करायला चुरगळलेल्या शर्टात जाणं मला पटेना. नंदा म्हणाली, मी दोन मिनिटांत करून देते. मी म्हटलं, घाईत केलेली इस्त्री टिकत नाही. श्रीपतला परत पाठवलं.

तो म्हणाला, ‘पेंटरकाका, तुमचं जायाचं हाय का नाय ते एकदा ठरवा. मी काय रोज मोकळा नाय.’

माणसाला आध्यात्मिक तयारी कळत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

कॅरल. मंडळीचा टेंपो चौक गाव, लोधिवली करत फिरला. मी गेलो. याला कोणी टाळाटाळ म्हणू शकणार नाही.

साडेसहाला टेंपो विकासच्या दारात. सगळे उतरले. मी उतरणारच होतो, पण ढोलकीची पिशवी, पाण्याचा ड्रम, स्पीकर, हे सगळं टेंपोत उघडं. कोणीतरी राखण करायला हवी. मी बसलो. ताडपत्रीच्या फटीतून ओसरी दिसत होती. विकासचे केस पांढरे झालेत. सगळे. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे.

गाणं चांगलं झालं. शेवटच्या कडव्याला वरचा सूर कोणी धरला नाही. तो मी धरतो. टेंपोतून धरला. हळूच.

दोन मिनिटांनी प्रणिताची मुलगी ताट घेऊन टेंपोशी आली. करंज्या आणि चहा. म्हणाली, बाबांनी सांगितलं, टेंपोत जो माणूस आहे त्याला द्या.

विकासला कसं कळलं, देव जाणे. करंज्या तीन खाल्ल्या. करंजी खाल्ली म्हणजे समेट झाला असं होत नाही. आतलं सारण आईसारखं होतं. जायफळ जास्त.

२१ डिसेंबर, चौथा रविवार

प्रीतीची मेणबत्ती. चारही फलक लागले. प्रीतीतल्या दोन्ही वेलांट्या दीर्घच दिल्यात, तीनदा तपासून. पाळकसाहेब म्हणाले, वाट बघणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. मी वहीत लिहून घेतलं. पुढे म्हणाले, चार मेणबत्त्या लागल्या, आता आपल्यापैकी किती जण उठून गेले?  शिरसाट माझ्या मागून म्हणाला, मी शिडी परत केली. त्याला मिरवायची सवयच आहे.

नाताळाला अजून चार दिवस आहेत. चार दिवस म्हणजे भरपूर.

२४ डिसेंबर, बुधवार

मार्ग सापडला! भांडणाचं मूळच काढून टाकायचं. दगडावरचं अक्षर मी स्वतः दुरुस्त करणार. मग क्षमेला काही उरतच नाही, आपोआप मिटलं.

खाचा बुजवायची लांबी, पॉलिशपेपर, काळा रंग, दोन नंबरचा ब्रश घेऊन श्रीपतच्या रिक्षेने कबरस्तानात गेलो. आईच्या कबरीला ताजा चुना. गवत काढलेलं. झेंडूची रोपं, फुललेली. कबरस्तान कमिटी हल्ली चांगलं काम करते. मात्र शेजारच्या कबरींवर गुडघाभर गवत. कमिटी एकेक करून घेत असावी.

‘र’मध्ये लांबी भरली. ‘स’ला काना जोडला, पुढे ‘व’ बसवायला जागा पुरेना. बारीक ‘व’ वर चढवला. मागे जाऊन बघितलं, ठीक दिसत होतं. पाणी पिऊन आलो तोवर ‘र’मधली लांबी निखळून पडली होती. आता ‘विसा’, वर बारकासा ‘व’, मग ‘र’ आणि ‘ली’. असं वाचलं की काहीच अर्थ लागत नाही.

श्रीपतने फाटकातून विचारलं, ‘झालं का वं?’ मी म्हटलं, झालं. तूर्तास.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. सगळं यथासांग. केक, फराळ, नवे कपडे. चर्चमध्ये विकास नव्हता. तो लोधिवलीच्या प्रार्थनागटात जातो. आला असता तर मी बोललोच असतो. न येऊन त्याने संधी घालवली.

संकल्पात ‘नाताळापूर्वी’ लिहिलं होतं. पण नाताळ हा एक दिवस नसतो, बारा दिवसांचा हंगाम असतो. म्हणजे ५ जानेवारीपर्यंत मुदत आहे. हे मला आधी सुचलं असतं तर एवढी धावपळ झाली नसती.

२८ डिसेंबर, रविवार

सर्दी.

३१ डिसेंबर, बुधवार

वर्षअखेरची जागरण-प्रार्थना. वयस्कर मंडळी जास्त, म्हणून पाळकसाहेबांनी संध्याकाळी सातलाच ठेवली. विषय: जागे राहा. नंदाने मला दोनदा कोपर मारलं. मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून चिंतन चाललं होतं. घोरत होतो हे शिरसाटचं म्हणणं.

मग नव्या वर्षाच्या वचनाच्या चिठ्ठ्या. टोपलीतून एक उचलायची, ते वर्षभराचं वचन. माझ्या चिठ्ठीत निघालं: अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. मला ते जरा कडक वाटलं. पाळकसाहेब दुसरीकडे बघत होते तेवढ्यात चिठ्ठी टाकून दुसरी घेतली. दुसरीतही तेच!

दोनदा तेच वचन. अंगावर काटा आला. हा सरळ चमत्कार आहे. चिठ्ठ्या महिला मंडळाने लिहिल्या होत्या. दोन्हींवर नंदाचं अक्षर, छान गोल.

उद्या जाणार. शर्ट आजच इस्त्री करून टांगलाय.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

गेलो.

नंदा बरोबर होती. श्रीपतने वाटेत एकदाही विचारलं नाही की परत फिरायचं का, नुसता आरशातून बघत होता. मी भाषण पाठ करत होतो. सुरुवात, ‘विकास, जे झालं ते झालं.’

त्याच्या अंगणात पिवळं कुत्रं आहे. वाघ्या. माझ्यावर भुंकलं आणि नंदाच्या पायांत जाऊन लोळलं. मुक्या जनावराला चांगला माणूस लगेच कळतो. प्रणिताने चहा ठेवला तर साखरेचा डबा नंदानेच काढून दिला. बायकांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं कसं सापडतं, हे मला कधी उमगलेलं नाही. मागच्या दारी शेवग्याचं झाड होतं.

मग मात्र थोडं थोडं उमगायला लागलं. महिला मंडळ, पहिला रविवार. पण विचार करायला वेळ नव्हता. विकास ओसरीवर पंप उघडून बसला होता, हात ग्रीसचे. उठून उभा राहिला.

‘ये दादा.’

मी भाषण सुरू केलं. ‘विकास, जे झालं ते झालं. मी तुला माफ केलंय.’

‘कशाबद्दल?’

‘कशाबद्दल म्हणजे? विसरलीबद्दल.’

त्याने हात पुसले, आत गेला, बायबल घेऊन आला. त्याच्या पानांतून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

माझी चिठ्ठी. माझं अक्षर, मी स्वतःचं अक्षर ओळखतो. शिरोरेघ सरळ, ‘र’ची शेपटी मी काढतो तशी खाली वळवलेली. ‘सगुणाबाई. प्रभूच्या कुशीत विसरली.’

स्पष्ट. मोत्यासारखं. विसरली.

मी कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं.

‘आई गेल्याच्या आठव्या दिवशी लिहिलंस,’ विकास म्हणाला. ‘इथेच, याच ओसरीवर बसून. तू रडत होतास दादा. हा बघ, शाईवर डाग आहे.’

‘घाम असेल. मार्च होता,’ मी म्हटलं.

‘असेल.’

‘तू तेव्हा बोलला का नाहीस? ईस्टरला? सगळ्यांसमोर मी एवढं...’

‘सगळ्यांसमोर, म्हणूनच. कागद दाखवला असता तर तू दुसऱ्या दिवशी दहिवलीत ब्रश घेऊन उभा राहिला असतास का? तुझं पोट अक्षरावर होतं.’

मी कपाकडे बघत बसलो. मग तो म्हणाला, ‘आणि मला ते वाचताना बरोबरच वाटलं. शेवटची चार वर्षं ती माझ्याजवळ होती. मला ओळखायची नाही. मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारायची. भाकरी खाल्ली की पाच मिनिटांत पुन्हा भूक लागली म्हणून रडायची. घाबरायची फार. सगळं विसरून शांत झाली ती प्रभूच्या कुशीतच. म्हणून मी दगड बदलला नाही. तू लावलेला रंग मी परवा काढला, तेवढं माफ कर.’

म्हणजे चुना त्याचा. झेंडू त्याचे.

त्या चार वर्षांत मी दर रविवारी यायचो. औषधं वेळेवर देतोस ना, असं त्याला विचारायचो. मग साडेपाचला निघायचो, कारण उशीर व्हायचा.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, चहा छान झालाय.

निघताना नंदाने रविवारी जेवायला या म्हणून सांगितलं. तिने परस्पर सांगितलं.

२ जानेवारी, शुक्रवार

कागदाचा विचार केला. एक शक्यता: कोणीतरी माझं अक्षर हुबेहूब उतरवलं असेल. कोण? कर्जत-खालापुरात असा माणूस नाही. दुसरी: मी ‘विसावली’च लिहिलं, ओलाव्याने शाई पसरून ‘विसरली’ झालं. शाई पसरून काना नाहीसा होतो का? स्वयंपाकघरात जाऊन कागदावर लिहून पाणी टाकून बघितलं. चार वेळा.

होत नाही.

३ जानेवारी, शनिवार

पाळकसाहेबांना कळवलं की उद्या मी साक्ष देणार. विषय: क्षमा, देणे आणि घेणे. अकरा पानं लिहिली. सुरुवातीला माझा बोर्डाच्या धंद्यातला प्रवास, मग लेखी क्षमेने मंडळीत झालेली जागृती, मग चिठ्ठ्यांचा चमत्कार, शेवटी लोधिवली भेट. भेटीला पाव पान आहे. मोघम ठेवलंय. ‘जुने गैरसमज दूर झाले’ असा शब्दप्रयोग.

नंदाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, शुद्धलेखन छान आहे.

४ जानेवारी, रविवार

उभा राहिलो. पानं हातात. शेवटच्या बाकावर विकास, प्रणिता, त्यांची मुलगी. त्याने पांढरा शर्ट घातला होता, इस्त्री नव्हती.

पहिल्या पानावर ‘माझा जन्म कर्जत येथे’ असं होतं. ते वाचवेना. घसा साफ केला. सर्दीचं होतं थोडं.

म्हटलं, ‘आईच्या दगडावरची चूक माझी होती. चिठ्ठीत मीच तसं लिहिलं होतं. विकासची नव्हती. मी ईस्टरला बोललो ते खोटं होतं.’ बसलो.

मला वाटलं होतं, खळबळ होईल. कोणी श्वास रोखला नाही. बायका कुजबुजल्या नाहीत. मागून शिरसाट मोठ्याने ‘आमेन’ म्हणाला, रोजच्यासारखं, आणि पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. वरचा सूर मी धरायला गेलो तर आवाज फुटला नाही. तो मागून विकासने धरला.

बाहेर आल्यावर शिरसाटला विचारलं, तुला धक्का नाही बसला? तो म्हणाला, कसला? ईस्टरनंतरच्या आठवड्यात तो पाथरवटच चिठ्ठी घेऊन चर्चमध्ये आला होता, माझी चूक नाही म्हणून दाखवायला. तू त्या दिवशी कुंभिवलीला ढाबा रंगवत होतास. सगळ्यांनी बघितली. मग विकासने ती मागून घेतली आणि म्हणाला, दादाला कोणी सांगू नका.

सगळ्यांनी. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. पाळकसाहेब तर दोन वर्षांपूर्वी आले. त्यांना विचारलं, तर म्हणाले, आधीच्या पाळकांनी चार्ज देताना सांगितलं होतं, चर्चच्या किल्ल्यांबरोबर.

फाटकाशी श्रीपत उभा होता. तो तर आमच्यातला पण नाही. म्हणाला, ‘आवो काका, आख्ख्या दहिवलीला ठावं हाय. तुमालाच तेवढं नवतं.’

जेवण झालं. विकासने दोनदा भात घेतला. मी वाढला. ‘माझं चुकलं’ हे त्याला वेगळं म्हणायचं राहिलं होतं, ते आमटी वाढताना म्हटलं. तो म्हणाला, ‘थोडी पातळ दे.’ मी वरून पातळ दिली.

ते गेल्यावर नंदा भांडी घासत होती, मी पुसायला घेतली. तिला विचारलं, तुलाही पहिल्यापासून माहीत होतं?

हो म्हणाली.

मग सहा वर्षं काय करत होतीस?

तिने ताटली माझ्या हातात दिली. म्हणाली, ‘वाट बघत होते.’